१६०० च्या तिसऱ्या राउंडला पाय जड का होतात? ८००, १५०० आणि १६०० मीटरची तयारी, टप्प्याटप्प्याने

पहाटे साडेपाचला मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर जा, चित्र एकच दिसतं. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून पोरं १६०० मीटर जीव खाऊन पळतात, टायमिंग बघतात, धापा टाकत कट्ट्यावर बसतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिले तीन आठवडे टायमिंग भराभर उतरतं, मग पावणेसहा मिनिटांच्या आसपास अडकतं आणि हलायचं नाव घेत नाही. मग पोरं आणखी जोर लावतात आणि महिन्याभरात नडगी धरून बसतात. पोलीस भरतीची तयारी करणारे आणि शालेय स्पर्धेत ८००-१५०० पळणारे, दोघेही हीच चूक करतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. शरीराला ऊर्जेच्या दोन चुली आहेत. एक ऑक्सिजनवर चालते, सावकाश पेटते आणि बराच वेळ टिकते. दुसरी ऑक्सिजनशिवाय भडकन पेटते, पण थोड्याच वेळात स्नायू आम्लधर्मी करून टाकते आणि पाय शिशासारखे जड होतात. ८०० मीटरमध्ये साधारण दोन तृतीयांश ऊर्जा पहिल्या चुलीतून येते. १५००-१६०० मध्ये तर पाचातले चार भाग तिथूनच येतात. रोज टायमिंग काढणारा पोरगा दुसरीच चूल फुंकत बसतो आणि पहिली तशीच राहते. तिसऱ्या राउंडला जो दम तुटतो, तो याचमुळे.

सोळा आठवडे हातात आहेत असं धरून पुढचे टप्पे दिले आहेत. वेळ कमी असेल तर टप्पा ५ लहान करा, टप्पा ३ मात्र कापू नका.

टप्पा १ : पळायच्या आधी

रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन बघून घ्या. पुरुषांमध्ये १३ च्या खाली आणि स्त्रियांमध्ये १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. स्नायूंपर्यंत ऑक्सिजन नेणारं रक्तच कमी असेल तर कुठलंही वेळापत्रक कामाचं नाही. आपल्याकडे मुली सकाळी चहा-बिस्किटावर पळायला येतात आणि आठ दिवसांत "सर, दम लागतोय" म्हणतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर पुऱ्या करा. जेवणात हरभरा, मटकी, पालेभाजी ठेवा, वर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा. चहामुळे अन्नातलं लोह पुरेसं अंगी लागत नाही.

पळताना कधी छातीत दुखलं असेल, भोवळ आली असेल, किंवा घरात कुणी कमी वयात हृदयविकाराने गेलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि मगच मैदानावर या.

बूट. पहिले दहा आठवडे साधे, मऊ तळाचे धावण्याचे बूट पुरेत. स्पाइक, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, घालून डांबरी रस्त्यावर किंवा कडक मुरमावर रोज पळणं म्हणजे पोटऱ्यांवर अत्याचार आहे.

मैदान मोजा. मोबाईलमधलं ॲप छोट्या गोलात हमखास चुकतं आणि चुकीच्या मैदानावरचं टायमिंग ऐन भरतीत फसवतं. शाळेचं मैदान ९० बाय ४० मीटर असेल तर २०० मीटरचा राउंड नेमका आखता येतो. ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीपासून १५ मीटर ७२ सेंटिमीटरच्या त्रिज्येने बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ काढा आणि दोन्ही अर्धवर्तुळं ५० मीटरच्या सरळ रेषांनी जोडा. फक्की याच रेषेवर टाका. धावणारा या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून पळतो असं धरलेलं आहे, म्हणजे त्याची त्रिज्या १५ मीटर ९२ होते आणि राउंड बरोबर २०० मीटर भरतो. नायलॉनची दोरी वापरू नका, ती ताणते. मोजायचा टेप किंवा तार घ्या.

तपासा : सरळ रेषांच्या चार टोकांचा जो चौकोन होतो, त्याचे दोन्ही कर्ण सारखे, ५९ मीटर ६ सेंटिमीटर भरले पाहिजेत. भरले नाहीत तर मैदान तिरकं आखलं गेलं आहे, पुन्हा आखा.

काळ्या मातीच्या मैदानावर पावसाळ्यात बुटाला चिखलाचे गोळे चिकटतात आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये घोटा मुरगळतो. मुरूम टाकून रोलर फिरवलेली जागा सगळ्यात बरी.

टप्पा २ : आजचं खरं टायमिंग, एकदाच

दोन दिवस विश्रांती घ्या, अंग गरम करा आणि एकदा पूर्ण ताकदीने १६०० पळा. एकूण वेळ तर लिहाच, पण ४०० मीटरचा एक राउंड धरून चारही राउंडचे सेकंद वेगवेगळे लिहा (२०० च्या मैदानावर दोन फेऱ्या मिळून असा एक राउंड होतो). पुढचे दहा आठवडे टायमिंग काढायचं नाही.

समजा ६ मिनिटं लागली. म्हणजे ४०० मीटरला सरासरी ९० सेकंद. यावरून सरावाचे वेग असे निघतात:
हळू धावणं : राउंडचे सेकंद गुणिले १.४ ते १.५५, म्हणजे २ मिनिटं ६ सेकंद ते २ मिनिटं २० सेकंद.
टेम्पो (सलग टिकवता येईल असं जोरकस धावणं) : गुणिले १.१८, म्हणजे १ मिनिट ४६ सेकंद.
वेगाचे राउंड : गुणिले १.०८, म्हणजे ९७ सेकंद.
शर्यतीचा वेग : ९० सेकंद.

सावध : हा हिशोब आजच्या टायमिंगवरून करायचा, हव्या असलेल्या टायमिंगवरून नाही. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत पूर्ण केलं की २० पैकी २० गुण मिळतात, म्हणून सहा मिनिटांचा पोरगा पहिल्या दिवसापासून पाच-दहाच्या वेगाने सराव करू बघतो. तो सराव त्याच्या शरीराला पेलतच नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे आपल्या वर्षाची जाहिरात नीट वाचा.

टप्पा ३ : पहिले सहा आठवडे, हळू

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, म्हणून यावर जास्त लिहितो.

हळू म्हणजे किती हळू? सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही", "चल" एवढंच निघत असेल तर तुम्ही जोरात पळताय. पहिल्या आठवड्यात पोरांना याची लाज वाटते. रस्त्यावरचा एखादा सायकलवाला पुढे गेला तरी ती चेकाळतात. जाऊ द्या त्याला. या वेगात हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि पेशींमध्ये ऑक्सिजनवर ऊर्जा तयार करणारे कारखाने वाढतात. हे बदल सावकाश होतात आणि जोरात पळून लवकर होत नाहीत.

आठवड्याचं गणित असं ठेवा. पाच दिवस धावणं, दोन दिवस आराम. सुरुवातीला रोज चार किलोमीटर, म्हणजे आठवड्याला २०. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत ३५ ते ४०, त्यात एक दिवस लांब, १० ते १२ किलोमीटर. चौथा आठवडा मुद्दाम पाव भागाने कमी करा. तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस हळू धावणं संपल्यावर ८० मीटरच्या सहा सैल धावा घ्या. वेगाने, पण मान आणि खांदे न आवळता. प्रत्येक धावेनंतर चालत परत या.

सावध : फुप्फुसं आणि हृदय तीन आठवड्यांत सुधारतात, हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात. म्हणजे दम वाढला म्हणून खूप पळावंसं वाटतं त्याच दिवसांत नडगी कच्ची असते.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. नववीतली एक मुलगी पंधराशेला जिल्ह्याला जाईल म्हणून मी तिला रोज दहा वेळा ४०० मीटर पळवत होतो. एक दिवस ती लंगडत आली. विचारलं तर वाकली आणि नडगीवरच्या एका जागेवर बोट टेकवलं, "इथंच सर, फक्त इथंच." मी तेल लावून मालिश करायला सांगितलं. ते हाड तडकलेलं होतं. तिचा अख्खा हंगाम गेला, आणि तो माझ्या अज्ञानाने गेला. तेव्हापासून प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो.

तपासा : नडगी दुखते म्हणाल्यावर विचारा, "एका बोटाने जागा दाखवता येते का?" आतल्या कडेने वीतभर लांब ठणका असेल तर पळणं निम्म्यावर आणा, मऊ जागेवर पळा, पोटऱ्यांचे व्यायाम करा. एका बोटाच्या जागेवर दुखत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मालिश नको, इंजेक्शन घेऊन पळणं तर अजिबात नको.

मुलींबद्दल आणखी एक, आणि हे घरात स्पष्ट बोललं पाहिजे. सराव वाढल्यावर तीन महिने पाळी आली नाही तर ते पळण्याच्या मानाने खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. याच काळात हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांना दाखवा आणि ताटातली भाकरी वाढवा. शेंगदाण्याची चटणी, उसळ, दूध, अंडी हे सगळं रोज पोटात गेलं पाहिजे.

रस्त्यावर पळत असाल तर उजव्या कडेने पळा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. उसाच्या हंगामात पहाटे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. उजळ रंगाचा शर्ट घाला आणि कानात इयरफोन घालू नका.

ऊसतोडीवरून मार्चमध्ये परतलेली पोरं माझ्याकडे येतात. अंगात ताकद भरपूर असते, पण पाच महिने धावणं झालेलं नसतं आणि पोटभर जेवणही नसतं. त्यांनी पहिले दोन आठवडे फक्त खावं, झोपावं आणि चालत-पळत तीन किलोमीटर करावं. त्यांची घाई मला कळते, भरतीची तारीख डोक्यावर असते. तरीही सुरुवात इथूनच.

टप्पा ४ : चढ आणि टेम्पो, चार आठवडे

आता आठवड्यात दोन दिवस कष्टाचे, बाकी सगळे हळू. दोन कष्टाच्या दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा किंवा हळू धावण्याचा.

मंगळवारी चढ. बालाघाटाच्या बाजूला राहणाऱ्यांना जागेची अडचण नाही. सपाट भागात पाझर तलावाच्या बांधावर चढणारी वाट चालते. चढ फार उभा नको, धावता आलं पाहिजे. ४५ सेकंद जोरात वर, चालत खाली, असं आठ वेळा. चढावर पायात ताकद येते आणि नडगीला मार कमी बसतो. घाटाच्या हमरस्त्यावर हे करू नका.

शुक्रवारी टेम्पो. १० मिनिटं हळू, मग २० मिनिटं टेम्पोच्या वेगात सलग, मग १० मिनिटं हळू. टेम्पोत तीन-चार शब्द बोलता येतात, गप्पा मारता येत नाहीत. शेवटी "अजून पाच मिनिटं पळालो असतो" असं वाटलं तर वेग बरोबर होता. आडवं व्हावंसं वाटलं तर चुकला.

बैठका, टाचा उचलणं, प्लँक हे आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. एवढं पुरे.

टप्पा ५ : वेगाचे राउंड, चार आठवडे

सुरुवातीला एकदा टायमिंग काढा आणि वेगांचा हिशोब नव्याने करा. खालची उदाहरणं पुन्हा सहा मिनिटांच्या हिशोबाचीच आहेत, तुम्ही तुमचे आकडे घाला.

पहिला आठवडा : ४०० चे आठ राउंड, प्रत्येकी ९७ सेकंद, मध्ये २०० मीटर जॉगिंग.
दुसरा : ६०० चे पाच, प्रत्येकी २ मिनिटं २६ सेकंद, मध्ये तीन मिनिटं जॉगिंग.
तिसरा : ८०० चे चार, प्रत्येकी ३ मिनिटं १४ सेकंद, मध्ये तीन मिनिटं जॉगिंग.
चौथा : ३०० चे दहा, शर्यतीच्या वेगात, म्हणजे ६७-६८ सेकंद, मध्ये दोन मिनिटं चालणं.

हे मंगळवारी. शुक्रवारी एक आठवडा टेम्पो, दुसऱ्या आठवड्यात शर्यतीच्या वेगात २०० चे आठ. रविवारचं लांब धावणं चालूच.

तपासा : शेवटचा राउंड पहिल्याइतकाच वेगाचा आला पाहिजे. सलग दोन राउंड तीन सेकंदांपेक्षा जास्त मागे पडले तर सराव तिथेच थांबवा. त्यापुढचे राउंड फक्त थकवा देतात. पहिला राउंड ८८ मध्ये मारून सहावा १०५ मध्ये आणणारा सगळ्यात जास्त घाम गाळतो आणि सगळ्यात कमी शिकतो.

दोन राउंडच्या मध्ये बसू नका. हळू हालचाल चालू ठेवली की जोरात पळताना रक्तात साठलेलं लॅक्टेट (ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते) लवकर वापरलं जातं. आणि हो, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिडमुळे, हा समज सोडून द्या. ते साधारण तासाभरात नेहमीच्या पातळीवर येतं. दुखणं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेचं असतं आणि झोप व जेवणानेच ते भरून निघतं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण केली. अडथळे आणि पाण्याच्या उड्या धरून ४०० मीटरला सरासरी ६५ सेकंद. त्याच्या सरावाचे व्हिडिओ बघून तेच राउंड करू नका. त्याच्या एका आठवड्यामागे वर्षानुवर्षांचं धावणं आहे, ते व्हिडिओत दिसत नाही.

सावध, ऊन : एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. कष्टाचा सराव सकाळी सातच्या आत संपवा. थंड दिवसांतून एकदम उन्हाळ्यात आलात तर शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेग आणि अंतर दोन्ही कमी ठेवा. धावणारा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, ओळखेनासा झाला तर तो उष्माघात आहे. घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल तितकं गार पाणी अंगावर ओता आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

सावध, पावडर आणि इंजेक्शन : मैदानाबाहेर "स्टॅमिन्याचं" म्हणून विनालेबल पावडर आणि इंजेक्शन विकणारे भेटतात. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. स्पर्धकाच्या लघवीत बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर नाडा (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) ऐकत नाही, आणि मूत्रपिंड तर त्याहून ऐकत नाही.

टप्पा ६ : राउंडचं गणित

पाच-दहाला ४०० मीटरला साडेसत्याहत्तर सेकंद पडतात. मैदानावर प्रत्यक्षात दिसतं ते असं: ६८, ७८, ८६, ८०. एकूण ५ मिनिटं १२ सेकंद, दोन सेकंदांनी पूर्ण गुण हुकले. तोच पोरगा ७७, ७८, ७९, ७६ असा पळाला तर ५ मिनिटं १० सेकंद. पहिल्या राउंडला वाचवलेले नऊ सेकंद तिसऱ्या आणि चौथ्या राउंडमध्ये व्याजासकट जातात.

हा वेग पायाला पाठ करून घ्या. सोबत्याला दर २०० मीटरवर शिट्टी घेऊन उभं करा. ३८-३९ सेकंदांनी शिट्टी वाजली की तुम्ही खुणेवर असलं पाहिजे. आधी लवकर पोहोचाल, पाच-सहा वेळा केलं की जमतं.

८०० ची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे पहिला राउंड किंचित जलद चालतो. डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १:४०.९१ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला राउंड ४९.२८ चा आणि दुसरा ५१.६३ चा होता. भरतीत मुलींना ८०० साठी २ मिनिटं ५० सेकंदांत पूर्ण गुण आहेत. पहिला राउंड ८३-८४, दुसरा ८६-८७ असा धरा.

गर्दीचा हिशोबही शिका. ट्रॅकवर दुसऱ्या लेनमधून पूर्ण राउंड पळालं तर सात मीटरच्या वर जास्त पडतं. चार राउंड तसेच काढले तर अठ्ठावीस मीटर, म्हणजे पाच-दहाच्या वेगाने जवळजवळ साडेपाच सेकंद. म्हणून वळणावर कुणाला ओलांडू नका, सरळ पट्ट्यात ओलांडा.

टप्पा ७ : शेवटचे दहा दिवस

धावणं निम्म्यावर आणा, वेग तसाच ठेवा. शेवटचा कष्टाचा सराव चार दिवस आधी: शर्यतीच्या वेगात ४०० चे तीन, मध्ये चार मिनिटं आराम. "एकदा बघू तरी" म्हणून या दिवसांत टायमिंग काढणारे माझ्याकडे दरवर्षी असतात आणि ऐन दिवशी थकलेले पाय घेऊन उतरतात. नवे बूट नकोत, नवं खाणं नको. रात्रभर एसटीत बसून सकाळी मैदानावर उतरण्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारीच पोहोचा.

टप्पा ८ : त्या सकाळी

शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी हलकं खा: पोहे, किंवा दूध-भाकरी पचत असेल तर तीही. पहाटेच बोलावलं असेल तर तासभर आधी केळं आणि गूळ. पाणी घोटघोट.

३५ मिनिटं आधी दहा मिनिटं हळू धावा, मग पाय झुलवणं, गुडघे उचलणं, ८० मीटरच्या चार धावा. शेवटचे आठ-दहा मिनिटं फक्त चाला. भरतीत रांग लांबते आणि अंग गार पडतं. तसं झालं तर पुन्हा तीन मिनिटं जागच्या जागी हालचाल करा आणि दोन छोट्या धावा घ्या. खाली बसून पाय ताणत राहू नका.

शिट्टी झाल्यावर पहिले शंभर मीटर बाकीचे पुढे जातील. जाऊ द्या. दुसऱ्या राउंडला ते परत दिसू लागतात. तिसऱ्या राउंडला खांदे कानाकडे चढतात, तेव्हा एकदा हात खाली सोडून झटका आणि पुढच्या धावणाऱ्याच्या पाठीवर नजर ठेवा. जोर शेवटच्या ३०० मीटरला लावायचा आणि रेषेच्या पाच मीटर पुढे जाऊन थांबायचं. भरतीत रेषेवरच वेग सोडणारे एखादा सेकंद हकनाक घालवतात.

संपल्यावर आडवं पडू नका, एक राउंड चाला. मग वहीत चारही राउंडचे सेकंद लिहा. पहिल्या आणि तिसऱ्या राउंडमध्ये चार सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर पुढच्या वेळी टप्पा ६ वर काम करा. चारही राउंड सारखे आले पण हवं ते टायमिंग आलं नाही, तर आठवडाभर विश्रांती घेऊन टप्पा ३ पासून पुन्हा सुरू करा, या वेळी आठवड्याचे ४५ किलोमीटर धरून.